आठ-त्रेचाळीस

करूळ घाटात, गगनबावडा अगदी डोक्यावर दिसत असताना, आमची जीप थांबली. थांबली म्हणजे इंजिन चालूच होतं. गिअर पडलेला, क्लच सोडलेला, आणि गाडी जागची हलत नव्हती. मागून कट्-कट्-कट् असा आवाज येत होता, कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरतंय तसा. मे महिन्याची अखेर, मागे आंब्याच्या चार पेट्या, तांदळाची दोन पोती, मेहुणा, त्याची दोन पोरं आणि आमची ही.

मी हँडब्रेक ओढला. जीप क्षणभर थबकली, कट् झालं, वीतभर मागे सरकली, पुन्हा थबकली, पुन्हा कट्. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पायातला ब्रेक दाबून धरला आणि मेहुण्याला ओरडून चाकामागे दगड लावायला सांगितलं.

जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर देणाऱ्या पेटीच्या, मागे, मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी एक लहानसा ड्रम असतो, तिथं तो आवळतो. म्हणजे हँडब्रेक आणि मागचं चाक यांच्यामध्ये डिफरन्शियल येतं, दोन्ही चाकांना जोर वाटणारा दातेरी चाकांचा गोळा. ते धड असेल तोवर सगळं धड. तेच तुटलं तर ब्रेकनं शाफ्ट घट्ट धरून ठेवलेला असतो आणि चाकं उताराच्या मर्जीनं चालतात. हे मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, चित्रासकट. घाटात दरीकडे तोंड करून ते आठवलं तेव्हा वाचल्याचा काही उपयोग वाटला नाही.

खाली वैभववाडीकडे निघालेली एक वडापची, म्हणजे प्रवासी भरून नेणारी, जीप थांबली. चालवणारा विशीतला पोरगा. त्यानं न विचारता गाडीखाली डोकं घातलं, मला गिअर टाकून क्लच सोडायला लावला आणि दोनच सेकंदांत बाहेर आला.

“काका, गोळा गेलाय. फोर-व्हील हाय न्हवं ही?”

हाय म्हटल्यावर त्यानं स्वतःच्या गाडीतून पाने काढले, मागच्या शाफ्टचे यू-बोल्ट सोडले आणि शाफ्ट माझ्या हातात दिला, लग्नात आहेर द्यावा तसा. डिफरन्शियलचा प्लग उघडून आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते जवळपास कोरडं, टोकाला फक्त काळी-चंदेरी रेघ. तो माझ्याकडे बघून काही बोलला नाही. हे न बोलणं मला अजून लागतं. त्याच्याकडे इंजिन ऑइलची अर्धी बाटली होती, ती त्यानं आत ओतली, नुसतं काहीतरी ओलं असावं म्हणून. “आता फोर-व्हीलचा दांडा टाका, पुढची चाकं वडतील. हळूहळू जावा. पोरांस्नी चालवा.”

पुढची चाकं ओढू लागली. चढावर गाडीचं वजन मागे जातं, पुढच्या चाकांना धड पकड मिळत नाही, त्यामुळे खडी आली की ती जागच्या जागी फिरत. मागून जात्यात खडे पडल्यासारखा आवाज. पोरं आणि आमची ही आंब्याच्या पेट्या सोडून बाकी सगळं सामान डोक्यावर घेऊन मागून चालत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या चाकांनी चालणारी जीप चालवत होतो. तशी गगनबावड्याला पोहोचलो. तिथून दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून कोल्हापूर.

रात्री वडिलांना, आप्पांना, फोन केला. कुठं, कसं, कुणाला लागलं का, हे सगळं मीच आधी सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“त्यात ऑइल होतं काय?”

*

ही जीप आप्पांनी १९८६ साली सरकारी लिलावात घेतली. त्याआधी ती कुठल्या साहेबाच्या बुडाखाली होती माहीत नाही. डॅशबोर्डवर पांढऱ्या रंगातल्या खात्याच्या नावातली दोन अक्षरं तेवढी घासूनही जायची राहिली होती. मॉडेल सीजे-३बी. बॉनेट उंच, मान ताठ. हे उंच बॉनेट ऐटीसाठी नाही. जीप बनवणाऱ्या अमेरिकेतल्या विलीज कंपनीचं जे नवं इंजिन आत बसवायचं होतं त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि झाकण वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली आलं आणि १९६८ मध्ये बंद झालं. आपल्याकडे महिंद्रांनी माझगावला जीप जुळवायला सुरुवात केली होती ती स्वातंत्र्याच्या आसपासच, आणि हा उंच बॉनेटचा तोंडवळा अमेरिकेत बंद पडल्यावरही इथं वर्षानुवर्षं निघत राहिला. पाटबंधारे, वनखातं, साखर कारखान्याचा शेतकी विभाग, निवडणुकीतले भोंगे, सगळ्यांच्या आठवणीत ही एकच जीप आहे.

आप्पांनी ती शेतासाठी वापरली. मी ती ‘क्लासिक’ केली.

हा फरक मी आता सांगू शकतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी जीप गावाहून शहरात आणली आणि दोन वर्षं तिच्यावर खर्च केली. पत्रा खरवडून जुना फिकट हिरवा रंग मिळवला. ताडपत्रीचा हूड नवा शिवून घेतला. मीटरची काच बदलली. बॉनेटच्या बाजूचा ठसा पितळेचा ब्रश लावून उजळला. रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला घेऊन जायचो. लोक फोटो काढायचे, ‘व्हिंटेज’ म्हणायचे, आणि मी दुरुस्ती करायचो की व्हिंटेज म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या गाड्या, ही क्लासिक. (केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी सरळ व्हिंटेजमध्ये धरतात, म्हणजे कागदोपत्री लोकच बरोबर होते. पण चूक दाखवून देण्याचं सुख मला सोडवत नव्हतं.)

याच दोन वर्षांत पार्किंगमध्ये, मागच्या गोळ्याच्या पुढच्या तोंडाखाली, फरशीवर रुपयाएवढा काळा डाग पडायचा. मी काय केलं, तर फरशी खराब होऊ नये म्हणून खाली पुठ्ठा टाकला. तो भिजला तेव्हा दुसरा टाकला. टीव्हीच्या खोक्याचा, चांगला जाड.

आणि आवाज होता. चाळिसाच्या पुढे गेलं की एक बारीक हूं. ॲक्सिलरेटर दाबला की यायचा, पाय उचलला की जायचा. मेळाव्यातल्या एकाला मी कौतुकानं सांगितल्याचं आठवतं की ही जुनी मशिनरी गाते. तो बिचारा हो म्हणाला.

*

डिफरन्शियल म्हणजे काय हे समजून घ्यायला बैलगाडी बघावी. बैलगाडीला ते लागत नाही. तिची दोन्ही चाकं आपापल्या परीनं आसावर सुटी फिरतात. गाडी वळली की बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, कुणाचंच बिघडत नाही, कारण ओढणारे बैल पुढे आहेत, चाकाला कुणी फिरवत नाही. घोळ सुरू होतो तो चाकालाच फिरवायचं ठरवल्यावर. एकाच आसावर दोन्ही चाकं घट्ट बसवून आस फिरवला तर दोघांनाही सारखंच फिरावं लागेल, आणि वळणावर एक चाक रस्त्यावरून फरपटत जाईल.

किती फरक पडतो? जीपच्या दोन चाकांतलं अंतर ४८ इंचांच्या किंचित वर. पूर्ण उलटं फिरवणारं वळण घेतलं, म्हणजे घाटातलं यू-वळण, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ३.८५ मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे वळण लहान असो की प्रशस्त, हा आकडा बदलत नाही. अर्धवर्तुळ आहे, दोन्ही चाकांच्या त्रिज्येतला फरक तेवढाच, मग परिघातलाही तेवढाच. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमची रांग कोपऱ्यावर वळताना बघितली असेल तर आतल्या टोकाचा पोरगा जागच्या जागी पाय मारत असतो आणि बाहेरचा जीव खाऊन पळत असतो. रांग मोडत नाही. त्या रांगेला सांधून ठेवणारं जे काही असतं ते पॅरिसच्या ओनेसिफोर पेक्योर नावाच्या घड्याळजीनं १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांत बसवलं. मोटारगाडी जन्माला यायला तेव्हा अजून सहा दशकं होती.

त्याची रचना मी इथं चित्राशिवाय पुरती सांगू शकणार नाही, पण इतकं सांगता येईल. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला एक लहान दातेरी चाक, पिनियन. ते एका मोठ्या ताटासारख्या दातेरी चाकाला, क्राऊनला, काटकोनात फिरवतं. क्राऊनच्या पोटात आणखी चार-सहा लहान गिअर असतात, त्यांना आमच्याकडे स्टार म्हणतात. हे स्टार दोन्ही चाकांना जोर सारखा वाटतात आणि फिरणं ज्याचं त्याला ठरवू देतात. सरळ रस्त्यावर ते स्वतःभोवती फिरतसुद्धा नाहीत, नुसते सगळ्यांबरोबर वाहून नेले जातात. वळण आलं की त्यांचं काम.

जोर सारखा वाटण्यात एक खोट आहे, आणि ती उसाच्या हंगामात पाणंदीत गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एक चाक चिखलात गेलं की त्याला फिरायला जोर लागत नाही. मग दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच, मिळत नाही. चिखलातलं चाक गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं शहाण्यासारखं उभं राहतं. आप्पा अशा वेळी ब्रेकचं पेडल हलकं दाबून ॲक्सिलरेटर द्यायचे. फिरणाऱ्या चाकाला ब्रेकशी झुंजावं लागलं की उभ्या चाकाच्याही वाट्याला जोर येतो. लहानपणी मला ते आप्पांच्या पायाचं काहीतरी गूढ वाटायचं.

*

कोल्हापुरात उद्यमनगरातले मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले. त्यांच्याकडे आता पोरगा इंजेक्टरच्या गाड्या बघतो आणि ते स्वतः फक्त ‘लोखंडाच्या गाड्या’ घेतात. जीप बघितल्याबरोबर त्यांनी रंगावरून हात फिरवला.

“रंग झ्याक दिलाय, सायेब.”

मग खाली वाकले. “आनि हिकडं?”

पहिले दोन दिवस हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, निघण्यातच गेले. या जीपचं मागचं हब एक्सलच्या निमुळत्या टोकावर दाबून बसवलेलं असतं. नट काढला तरी ते सुटत नाही, पन्नास वर्षांचा गंज त्याला जवळ धरून असतो. मिस्त्रींनी जाडजूड हब पुलर लावला, मधला स्क्रू पाइप घालून आवळला, टोकावर घण मारला, पुन्हा आवळला. हब ढिम्म. संध्याकाळी त्यांनी नट चार आटे उलटा चढवून ठेवला, पुलर तसाच ताणलेला ठेवला आणि म्हणाले, चला घरी. सकाळी येऊन बघतो तर हब आपसूक सुटून त्या नटाला येऊन टेकलं होतं. रात्री कधी सुटलं ते त्या शेडमधल्या मांजरालाच माहीत. नट ठेवला नसता तर कुणाच्या तरी पायावर पडलं असतं.

दोन्ही एक्सल ओढून काढले, मागचं झाकण उघडलं. आतून आला तो ऑइलचा वास नव्हता, जळक्या पोळीसारखा काहीतरी होता. पिनियनच्या आठ दातांपैकी तीन गेलेले. त्याच्या टोकाला निळसर-जांभळी झाक, तापून काळं पडण्याच्या आधीची. बेअरिंगच्या टोप्यांवर मिस्त्रींनी पंचनं ठिपके मारले, डावीकडे एक, उजवीकडे दोन, कारण या टोप्यांची अदलाबदल चालत नाही. मग दोन पहारी टेकवून क्राऊनचं सगळं बाड उचललं आणि माझ्या पुढ्यात वर्तमानपत्रावर ठेवलं.

“तीन दात गेल्यात. तीन दातांचा हिशेब लागला पायजे.”

मी बँकेत आयुष्य काढलं, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. डिझेलनं डिफरन्शियलचं घर धुतलं, गाळणीत गाळ धरला, लोहचुंबक फिरवलं. बोराच्या बियांएवढे, मसूराएवढे, कणीएवढे तुकडे. ते वर्तमानपत्रावर जुळवत बसलो. अडीच दात जमले. उरलेला अर्धा एक्सलच्या नळीत, डावीकडे हातभर आत सापडला. तो राहिला असता तर नव्या क्राऊनच्या दातांत गेला असता. त्या दिवशी दुपारी जी शांतता मला मिळाली तशी एकोणतीस वर्षांत वर्षअखेरीचा ताळा जुळल्यावर मिळाली नव्हती.

जुळवताना तुटल्या दाताचा काप नीट बघायला मिळाला. मला वाटलं होतं, घाटातल्या चढावर जोर पडला आणि दात मोडले. पण कापाचा निम्म्याहून जास्त भाग काळपट आणि गुळगुळीत होता, आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक वळ्या. उरलेला थोडा भाग राखाडी, दाणेदार, ताजा. मिस्त्रींनी काडीनं दाखवलं. काळा भाग म्हणजे जुनी चीर. रोज थोडी थोडी सरकत आलेली, प्रत्येक वळी म्हणजे ती एकदा थांबली ती जागा. घाटात मोडला तो फक्त राखाडी तुकडा.

म्हणजे क्रम असा होता. पिनियनच्या तोंडाचं ऑइल सील सुकलं, त्यातून थेंब थेंब ऑइल पुठ्ठ्यावर जात राहिलं. आतली पातळी उतरली. क्राऊन फिरताना जे ऑइल उडवतं त्यावर पिनियनचं पुढचं बेअरिंग जगतं, ते आधी उपाशी पडलं. बेअरिंग झिजलं तसं पिनियन मागे-पुढे हलू लागलं आणि दाताला दात पोटावर न भिडता कडेवर भिडू लागला. तेव्हा तो हूं सुरू झाला. मी त्याला गाणं म्हणत होतो.

या गिअरला साधं ऑइलही चालत नाही. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या जरा खाली बसवलेलं असतं. या रचनेला हायपॉइड म्हणतात. मोटारीत ती १९२६ साली पॅकार्डनं आणली. तिच्यामुळे शाफ्ट खाली घेता येतो आणि दातही दणकट होतात. पण दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसटतात. त्या घसटीत साधा तेलाचा थर फाटतो. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घातलेलं ईपी नव्वद, म्हणजे प्रचंड दाब सोसणारं ऑइल, लागतं. तो जो गिअर ऑइलचा डोक्यात जाणारा वास असतो तो गंधकाचा. आम्ही लहानपणी आप्पांच्या शर्टाला तो वास येतो म्हणून नाक दाबायचो. सगळं मिळून लागतं सव्वा लिटरच्या आसपास. माझ्या हुडाच्या शिलाईत याच्या कितीतरी पट पैसे गेले.

*

नवी जोडी आणायला मी पुण्याला नाना पेठेत गेलो. दुकानात मॉडेल सांगत बसावं लागत नाही. ‘आठ-त्रेचाळीस’ म्हटलं की पुरतं. पिनियनला आठ दात, क्राऊनला त्रेचाळीस. त्रेचाळीस भागिले आठ, म्हणजे शाफ्टचे साधारण ५.३८ फेरे तेव्हा चाकाचा एक. आठ-एकोणचाळीसही मिळते, ती वेगळ्या जीपची.

बसमध्ये परत येताना मी या आकड्यांचा विचार करत होतो. आठ-चाळीस का नाही? हिशेबाला किती सोपं, बरोबर पाच. पण चाळिसाला आठानं भाग जातो, म्हणजे पिनियनचा पहिला दात क्राऊनच्या त्याच पाच दातांना जन्मभर भेटत राहील. त्यातला एखादा खडबडीत निघाला तर तेच एकमेकांना झिजवणार. आठ आणि त्रेचाळीस सहमूळ. त्यांचा सामाईक विभाजक एकच, एक. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो, आणि तीच जोडी पुन्हा समोर यायला पिनियनला ४३ फेरे मारावे लागतात. सगळी झीज सगळ्यांत वाटली जाते. शाळेत सहमूळ संख्या शिकवताना गुरुजींनी त्या कशाला लागतात हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित मी बँकेत गेलो नसतो.

मिस्त्रींनी खोकं उघडलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला, पिनियनच्या टोकावर कोरलेला आकडा वाचला, मग क्राऊनच्या कडेवरचा. आणि दोन्ही पुन्हा खोक्यात ठेवले.

“ही जोडी न्हाई. येगळ्या घरची हाईत दोघं.”

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच आकडा कोरतात. एक नवं एक जुनं, किंवा या खोक्यातलं ते त्या खोक्यातलं हे, चालत नाही. दिसायला तंतोतंत, दात मोजले तर बरोबर, पण गाडी आयुष्यभर रडणार. पुन्हा पुणे. दुसऱ्या खेपेला मीच काउंटरवर भिंग काढून बसलो. दुकानदारानं चहा मागवला, बहुधा कीव येऊन.

*

आता जे काम सुरू झालं त्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

पिनियन घरात किती आत बसवायचं, हे त्याच्या मागच्या बेअरिंगच्या वाटीखाली घातलेल्या पातळ चकत्यांवर, म्हणजे शिमवर, ठरतं. इंचाचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे थाऊ. उद्यमनगरात हा शब्द चहावाल्यालाही माहीत आहे. तीन-चार थाऊ इकडे-तिकडे झालं की दाताची भेट बदलते. आणि दात आत कुठं भिडतात ते डोळ्यांना दिसत नाही. मग बघायचं कसं?

मिस्त्रींनी मला महाद्वार रोडला पाठवलं. शेंदूर आणायला.

मला वाटलं पूजेसाठी. नारळही घेऊ का, विचारलं. ते हसले. “नारळ गाडी चालल्यावर. शेंदूर दाताला लावायचाय. आनि बघून घ्या. आता शेंदूर म्हनून नुसता रंग देत्यात. पुडी हातात जड लागली पायजे.”

जड लागायला हवी, कारण खरा शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साईड. इंग्रजी जमान्यातल्या मेकॅनिकच्या पुस्तकांत गिअरचे दात तपासायला ‘रेड लेड’ लावा असं लिहिलेलं असायचं, ते हेच. मारुतीच्या अंगावर तेलात कालवून थापतात तेच, तेलात कालवून. मी तीन दुकानं फिरलो. तिसऱ्यात एका म्हाताऱ्या बाईंनी आतून पुडी काढून दिली आणि कुठल्या देवाला, असं विचारलं. मी मागच्या एक्सलला म्हणालो नाही. मारुतीला म्हणालो.

वाटीत कालवलेला शेंदूर मिस्त्रींनी जुन्या रंगाच्या ब्रशानं क्राऊनच्या आठ-दहा दातांना लावला, पातळ, सारखा. मी क्राऊनवर लाकडी दांडा दाबून अडवत राहिलो आणि त्यांनी पिनियन दोन्ही बाजूंना फिरवलं. जिथं दात भिडला तिथला शेंदूर पुसला जाऊन खालचं लोखंड उघडं पडलं. नखाएवढा डाग. तो कुठं पडला यावर सगळं.

पहिला डाग दाताच्या माथ्यावर पडला, म्हणजे पिनियन लांब राहिलं. पुन्हा सगळं सोडवा, बेअरिंगची वाटी ठोकून काढा, एक शिम वाढवा, वाटी पुन्हा बसवा, पिनियन आवळा. पिनियन किती आवळायचं याचंही माप आहे. जास्त आवळलं तर बेअरिंग जळतं, कमी आवळलं तर डुलतं. मिस्त्री पिनियनच्या तोंडाला दोरी गुंडाळून भंगारवाल्याचा हुकाचा काटा अडकवायचे आणि ओढायचे. काटा कुठं असताना ते फिरू लागतं ते बघायचं. दुसरा डाग बुडाशी पडला. फार आत गेलं. पुन्हा सोडवा. तिसरा मधोमध, पण बाहेरच्या टोकाकडे सरकलेला. आता पिनियन नव्हे, क्राऊन डावीकडून उजवीकडे सरकवायचा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिम बदलून. शेजारच्या टर्नरकडून डायल गेज आणून क्राऊन हातानं मागे-पुढे हलवून बघितला. काटा बारा थाऊ दाखवत होता. दोन दातांच्या मध्ये तेवढी मोकळीक होती. ती सहावर आणायची होती. अजिबात मोकळीक न ठेवणं हा इलाज का नव्हे, हे मला तेव्हा विचारावं लागलं. गरम झाल्यावर लोखंड फुगतं, मध्ये ऑइलला जागा लागते, शून्य ठेवलं तर पन्नास किलोमीटरांत चिकटून बसेल.

चार दिवस हे चाललं. रोज संध्याकाळी मिस्त्री आधी रॉकेलनं, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं हात धुवायचे आणि मलाही धुवायला लावायचे. शिसं पोटात जाता कामा नये. माझ्या नखांत तरी केशरी रेघ राहिलीच. आमच्या हिनं ती बघितली आणि शनिवारी मारुतीला जाऊ लागलास की काय म्हणाली.

चौथ्या दिवशी डाग पडला तो दाताच्या पोटावर, दोन्ही कडांपासून सुटा, लांबट, आतल्या टोकाकडे अगदी किंचित झुकलेला. ओझं पडलं की तो आपोआप बाहेर सरकून मधोमध येणार, म्हणून थोडा आत ठेवायचा. मिस्त्रींनी मान तिरकी करून तो बराच वेळ बघितला. मग क्राऊन फिरवून दुसऱ्या बाजूचा बघितला. मग खिशातून तंबाखूची डबी काढली, हात बघितले, आणि पुन्हा खिशात ठेवली.

“आता बसवा झाकन.”

*

नवं सील, नवं ऑइल, पाचशे किलोमीटरांनी ते काढून पुन्हा नवं भरायचं, असं ठरलं. पैशांचा आकडा मी घरी निम्मा सांगितला. पन्नाशीच्या आसपास पाय उचलला की अजून एक अगदी बारीक आवाज येतो. मिस्त्री म्हणाले तो राहणार, नव्या जोडीला पन्नास वर्षांचं जुनं घर मिळालंय. मला तो आवाज आता आवडत नाही. प्रत्येक वेळी कान टवकारतात.

जीप घेऊन गावी गेलो. आप्पा त्र्याऐंशीचे. त्यांना उचलूनच बसवावं लागलं, पण बसल्यावर डावा हात बरोबर पुढच्या दांड्यावर गेला. राधानगरी रस्त्याला लागलो, साठावर नेली, पाय सोडला, पुन्हा दाबला. ते काही बोलले नाहीत. कारखान्याच्या वळणावरून परत फिरलो. घरासमोर आलो. मी मिस्त्रींबद्दल, शेंदराबद्दल, आठ-त्रेचाळीसबद्दल सगळं सांगत होतो आणि ते समोर बघत होते. मग म्हणाले,

“मागचं झालं. पुढच्याचं बघितलंस काय?”

“पुढचं काय?”

“पुढचा गोळा. घाट त्येनं चढवला न्हवं? त्यात ऑइल हाय काय?”

मी इंजिन बंद केलं. पाना काढला. अंथरायला काही सापडेना, तेव्हा मागच्या सीटखाली दुमडून ठेवलेला टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा आठवला. तो पसरून पुढच्या एक्सलखाली शिरलो आणि प्लग सोडवून आत बोट घातलं. पहिलं पेर गेलं. दुसरं गेलं.

“लागलं काय?” आप्पा वरून विचारत होते.